कमिशन सांगितलं, म्हणजे झालं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा सविस्तर उत्तर देतो. आर्थिक नियोजकांच्या आचारसंहितेवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: प्रामाणिक माणसाला संहितेची गरज नसते आणि लबाड माणूस ती जुमानत नाही, तेव्हा हे सगळे कागदी घोडे आहेत. कमिशन मिळतं हे ग्राहकाला आधी सांगितलं की नीतीचा प्रश्न तिथेच संपतो. आणि ज्यांना फी परवडत नाही अशा माणसांना आजवर तुमच्यासारख्या कमिशनवर काम करणाऱ्यांनीच सांभाळलं, त्यांना मी चोरांच्या रांगेत बसवलं.

शेवटच्याबद्दल आधी बोलतो, कारण त्यात तुमचं मन दुखावलेलं दिसतं. कमिशन घेणारा माणूस चोर असतो असं मला वाटत नाही. ग्राहकाच्या घरी अडचण आली की सगळ्यात आधी धावून जाणारे असे कितीतरी लोक या व्यवसायात आहेत. माझा मुद्दा माणसांच्या चारित्र्याचा नव्हताच.

प्रामाणिक आणि लबाड अशी दोनच खाती मांडली की तुमचं म्हणणं बिनतोड वाटतं. पण आपल्यापैकी बहुतेक जण या दोन्हींच्या मध्ये असतात. चांगल्या मनाचे, कामाच्या घाईत असलेले, आणि महिनाअखेरीचं उद्दिष्ट डोक्यावर असलेले. एक नेहमीचा प्रसंग घ्या. ग्राहकाकडे जुनी विमा पॉलिसी आहे, ती मोडून नवी घ्यावी का असं तो विचारतो. नवी विकली तर तुम्हाला पहिल्या वर्षी घसघशीत कमिशन आहे, जुनी चालू ठेवली तर जवळजवळ काहीच नाही. तुम्ही खोटं बोलत नाही. फक्त नव्या पॉलिसीचे फायदे तुम्हाला पटापट आठवतात आणि जुनीचे थोडे सावकाश. वय वाढल्यामुळे नवा हप्ता जास्त बसेल, मोडताना किती रक्कम कापली जाईल, जुन्या पॉलिसीत पूर्ण झालेली प्रतीक्षेची मुदत (ज्या काळात काही दावे मिळत नाहीत ती) नव्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल का, हे प्रश्न कुणी मुद्दाम दडवत नाही. ते राहून जातात.

संहितेचं काम इथे सुरू होतं. आर्थिक नियोजकांना ‘सीएफपी’ हे प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या सीएफपी बोर्डाच्या मानकांत नियोजनाच्या सात पायऱ्या दिल्या आहेत. माणसाची परिस्थिती समजून घेणं, उद्दिष्टं ठरवणं, मग तिसऱ्या पायरीवर आहे तेच चालू ठेवलं तर काय होईल याचं विश्लेषण, आणि त्याच्या जोडीने इतर पर्यायांचं. शिफारस त्यानंतर येते. मला विचाराल तर सगळ्या मानकांत ही तिसरी पायरी सर्वात मोलाची आहे. ‘काहीच न बदलणं’ हाही पर्याय फाईलमध्ये आकड्यांसकट मांडायचा, तो का नाकारला हे दोन ओळींत लिहायचं आणि त्याखाली तारीख टाकायची. असं लिहायला बसलं की त्या राहून गेलेल्या प्रश्नांना उत्तर द्यावंच लागतं. कित्येकदा लिहितानाच कळतं की शिफारस टिकत नाही. याला तुम्ही कागदी घोडे म्हणता. मला तर हा कागदच ग्राहकाचा खरा रखवालदार वाटतो, कारण उद्या तंटा झाला तर तुमच्या बाजूनेही तोच बोलेल.

आता आधी सांगून टाकण्याबद्दल. तुमच्या तीन आक्षेपांतला हा सर्वात वजनदार आहे आणि वर्षानुवर्षं या व्यवसायाची हीच समजूत राहिली आहे. पण डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या अभ्यासकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती रक्कम आहे याचा अंदाज एकाने करायचा. त्याला बरणी दुरून आणि थोडाच वेळ दिसते. दुसरा सल्लागार, तो जवळून नीट बघतो आणि सल्ला देतो. काही सल्लागारांना मात्र समोरच्याचा अंदाज जितका चढा तितके जास्त पैसे मिळतात. हा स्वार्थ उघड केला तेव्हा सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले. ऐकणाऱ्यांनी सावध होऊन थोडी वजावट केली, पण ती पुरली नाही, आणि एकंदरीत त्यांचं नुकसानच वाढलं. ‘सांगितलं होतं ना’ या भावनेने सल्लागाराच्या मनावरचा भार उतरतो, असं अभ्यासकांनी त्याचं एक कारण सुचवलं. म्हणून सांगणं आवश्यक आहेच, पण तेवढ्याने जबाबदारी संपत नाही. सीएफपी बोर्डाने 1 ऑक्टोबर 2019 पासून लागू केलेल्या संहितेत आर्थिक सल्ला देताना प्रत्येक वेळी विश्वस्ताच्या नात्याने, म्हणजे ग्राहकाचं हित स्वतःच्या हिताआधी ठेवून, वागण्याचं बंधन घातलं. त्याआधी ते मुख्यतः संपूर्ण नियोजनाच्या कामापुरतं होतं. हितसंबंध आड येत असेल तर तो टाळायचा. टाळता येत नसेल तर तो पूर्ण उघड करून ग्राहकाची जाणती संमती घ्यायची, आणि वर तो काबूत ठेवायचा. संमती मिळाली म्हणून ग्राहकाचं हित मागे सारता येत नाही.

फी घेतली की माणूस आपोआप शुद्ध होतो, असंही मी म्हणणार नाही. गुंतवणुकीच्या रकमेच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्याला ग्राहकाने विचारलं, ‘हातात पैसे आलेत, कर्ज फेडू की गुंतवू?’ तर फेडा म्हणताना त्याची स्वतःची फी कमी होते. ऑस्ट्रेलियात तर याहून वाईट घडलं. न्यायमूर्ती केनेथ हेन यांच्या चौकशी आयोगापुढे 2018 मध्ये उघड झालं की सल्ला न देताच वर्षानुवर्षं सल्ल्याची फी कापली जात होती, काही वेळा मरण पावलेल्या ग्राहकांच्या खात्यांतूनही. तिथे सल्लागारावर ग्राहकाचं हित पाहण्याचं कायदेशीर बंधन 2013 पासून होतं. तरी हे झालं, कारण दिलेलं काम आणि घेतलेले पैसे यांचा मेळ कुणी घालत नव्हतं. मानकांतली शेवटची पायरी, म्हणजे प्रगतीवर लक्ष ठेवणं आणि योजना अद्ययावत करणं, ही कोण करणार, किती वेळाने करणार, हे सुरुवातीच्या करारातच लिहिलेलं असेल तर अशी फी कापणं अवघड जातं.

आणि फी न परवडणाऱ्यांचं काय? इथे तुमचं म्हणणं खरं आहे. ब्रिटनने 2012 च्या अखेरीस नव्या गुंतवणूक सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं, सल्लागारांची पात्रताही वाढवली. पण लहान रक्कम असलेल्यांना परवडेल असा सल्ला मिळणं हा तिथे आजही मोठा प्रश्न आहे. कमिशन बंद करा आणि मोकळे व्हा, असं मी म्हणूच शकत नाही.

पण कमिशनवर राहूनही तुम्हाला पुष्कळ करता येईल. पहिल्याच भेटीत लिहून द्या की तुम्ही कोणकोणत्या कंपन्यांची उत्पादनं विकता आणि बाहेरच्यांचा विचार करत नाही. काम मर्यादित असेल, समजा फक्त मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) निवडायचा असेल, तर तेवढंच लिहा, त्याला नियोजन म्हणू नका. एकाच गरजेला पुरणाऱ्या दोन उत्पादनांत तुमच्या कमिशनचा फरक किती, तो आकडा टक्क्यांत न देता रकमेत सांगा. आणि एखाद्याला सध्या काहीच विकत घेण्याची गरज नसेल, आधी महागडं कर्ज फेडणं शहाणपणाचं असेल, तर तसं लिहून त्याच्या हातात द्या.

यातल्या कशालाही फी लागत नाही. तुमच्या अनुभवात यातलं काय जमण्यासारखं नाही आणि का, ते जरूर लिहा. त्यावर मला मनापासून बोलायचं आहे.