विहिरीचं पाणी नितळ आहे म्हणून ते शुद्ध ठरत नाही

उन्हाळा लागला की कोकणातल्या गावांच्या आणि घराण्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मथितार्थ एकच असतो: नळाचं पाणी म्हणजे क्लोरीनचं विष आणि घरच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत. ते जमिनीतूनच गाळून येतं, त्याला तपासणी नको की औषध नको. फार तर तुरटी फिरवा, तांब्याचं नाणं टाका. विहीर आपल्या जागेत आहे म्हणजे पाणी आपलं, कमी पडलं तर शेजारी बोअर मारा. आणि मे महिन्यात घरच्याच दोघा-तिघांनी उतरून गाळ काढला की वर्षाची चिंता मिटली. विहिरींवर मनापासून माया असलेली माणसंच हा मजकूर पुढे पाठवतात. मलाही घरोघरच्या विहिरी टिकायला हव्या आहेत, म्हणूनच या सल्ल्यातलं काय चुकतंय ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

पाणी जमिनीतून गाळून येतं, हा पहिला आणि सगळ्यात घातक मुद्दा. मातीचा जाड, बारीक थर असेल तर पाणी बऱ्यापैकी गाळलं जातं, हे खरं आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरगुती विहिरी जांभ्यात खोदलेल्या आहेत आणि जांभा भोकाभोकांचा, पोकळ्यांचा दगड. जुलैत पाणी कठड्याला टेकतं आणि एप्रिलात तळ दिसतो, हे आपण दर वर्षी बघतो. इतक्या झपाट्याने चढणारं पाणी वाटेत रेंगाळत नाही, त्याला गाळलं जायला सवडच मिळत नाही. आजोबांच्या वेळी हे चालून गेलं, कारण संडास आगराच्या पार टोकाला होता आणि शेजारचं घर हाकेच्या अंतरावर. आता दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर बंगला, त्यात तीन टॉयलेट आणि कोपऱ्यात शोषखड्डा. काही ठिकाणी तर सेप्टिक टँकचा तळ मुद्दाम कच्चा सोडतात, म्हणजे उपसायची कटकट नको. ते पाणी मुरतं कुठे? उताराला खाली जी विहीर असेल तिथे. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट अंतर हवं, असा सर्वसाधारण दंडक आहे. जांभ्यात आणि उतारावर तेवढंही पुरेल याची खात्री नसते. तेव्हा टेप घेऊन आपल्याच नव्हे, वरच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या खड्ड्यापर्यंतचंही अंतर मोजा.

दुसरी वाट वरून येते. विहिरीजवळ पाच मिनिटं उभं राहून बघा. ओट्याला तडा गेलेला असतो आणि कपडे धुतल्याचं पाणी त्यातून परत आत झिरपतं. पोहरा ओट्याखालच्या चिखलात ठेवलेला असतो, दोर अंगणातून फरफटत येतो आणि दोन्ही पुन्हा पाण्यात जातात. कठडा फूटभरच उंच असेल तर पहिल्या पावसाचं अंगणातलं पाणी सरळ आत. सिमेंटचा पक्का ओटा, पाणी लांब नेणारी पन्हळ, उंच कठडा, वर जाळी आणि पोहऱ्यासाठी एक खुंटी, एवढ्याने ही वाट बरीचशी बंद होते.

नितळपणाबद्दल म्हणाल तर पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये. तो डोळ्यांना दिसत नाही आणि चवीला कळत नाही. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे सगळे नितळ, गार, गोड पाण्यातूनही येतात. एच-टू-एस चाचणीची छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात मैला मिसळत असण्याची दाट शक्यता. पक्की तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. मात्र जंतूंच्या तपासणीचा नमुना थंडपेयाच्या रिकाम्या बाटलीतून नेऊ नका. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, नमुना गार ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, असं वर्षातून दोनदा करावं. घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटही तपासून घ्या. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं.

आता क्लोरीनच्या विषाबद्दल. टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, किलोच्या हिशोबाने अंदाजपंचे ओतली तर तक्रार रास्तच आहे. पण मोजून टाकली तर ती फार थोडी लागते. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल आहे. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, म्हणजेच २८ हजार लिटर पाणी. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला हजार लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सगळ्या विहिरीला ७० ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली पाऊणभर करायची, ढवळून पाच-दहा मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची. खाली बसलेला चुन्याचा साका टाकून द्यायचा, त्याने पाण्याचा जडपणाच वाढतो. मग पोहरा खालीवर करून पाणी चांगलं ढवळायचं, एक तास थांबायचं आणि ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करायची, म्हणजे थोड्या पाण्यात त्या द्रावणाचे थेंब टाकून रंग बघायचा. पिवळी झाक आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, नाही आली तर पावडर कमी पडली. पावडर जुनी, ओलसर, वास उडालेली असेल तर कितीही टाका, उपयोग शून्य. पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागतं, कारण रोज नवं पाणी आत येत असतं.

तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतू मारत नाही. आणि विहिरीत ती फिरवली तर बसलेला गाळ तळाशीच राहतो. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, याला प्रयोगांचा आधार आहे. पण तिथे थोडंसं पाणी चहूबाजूंनी तांब्याला लागून असतं. हजारो लिटरमध्ये एका नाण्याने काय होणार? शिवाय आजचं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं. टीडीएसचं पेन घेऊन ‘पाणी पास’ म्हणणाऱ्यांचंही तसंच. ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, जंतूंबद्दल काही सांगत नाही. जांभ्यातल्या पाण्यात क्षार मुळातच कमी, त्यामुळे आकडा बहुधा छानच येणार.

विहीर माझी म्हणजे पाणी माझं, या समजुतीला कायद्याचा आधार होता आणि काही अंशी आजही आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला खालचं पाणी उपसायचा हक्क मानला. पण १९९३ च्या राज्याच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला मर्यादा घातली आणि २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आणली. कायदा बाजूला ठेवला, तरी जमिनीखाली सातबारा नसतो. किनाऱ्यालगत तर खोल बोअर मारणं म्हणजे शेजाऱ्यांच्या विहिरी पणाला लावणं. तिथे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि गोड्याची पातळी एक मीटर उतरली तर ढोबळमानाने खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. एकदा मचूळ झालेली विहीर गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागू शकतात.

राहता राहिला गाळ. तो काढायलाच हवा, पण घरच्यांनी असंच उतरून नव्हे. बंद किंवा खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतात. डिझेलचा पंप आत उतरवून चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही आणि पेटता दिवा खाली सोडूनही तो कळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत जुन्या विहिरीत शेणाचा राडा साठवलेला होता. आत पडलेल्या मांजराला वाचवायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, असं करत पाच जणांचा जीव गेला. म्हणून डिझेलचा पंप वर जमिनीवरच ठेवा, आत सोडायचाच तर विजेचा, आणि माणूस उतरण्याआधी तोही बंद करा. आधी भरपूर हवा खेळवा. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असू द्या आणि त्याला ओढून घेऊ शकतील इतकी माणसं वर उभी ठेवा. आतला माणूस बोलेनासा झाला तर दोर ओढा, ११२ ला फोन करा, आणि कोणालाही त्याच्यामागे उतरू देऊ नका.