सेंटओएस ७ वरील अपडेटच्या त्रुटीबाबत खुलासा

‘सेंटओएस ७ वर सर्व्हरचे पॅनेल अपडेट होत नसेल, तर सर्व्हर हॅक झाला आहे, डिस्क लगेच फॉरमॅट करा’ हा फिरणारा संदेश चुकीचा असून, त्यावर विसंबून कोणाचा डेटा पुसला जाऊ नये, ही माझी कळकळ आहे. सेंटओएस ७ ही सर्व्हरसाठीची लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. या प्रणालीचा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी संपला आणि पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) कुठून घ्यायची हे सांगणारा ‘मिररलिस्ट’चा इंटरनेटवरील पत्ता बंद झाला. पॅनेल (सर्व्हर सांभाळण्याचे सॉफ्टवेअर) पॅकेजेससाठी ‘यम’ या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनावरच अवलंबून असल्याने ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’ (पत्ता सापडला नाही) ही त्रुटी येते. टर्मिनलवर थेट ‘यम’ चालवल्यास त्याच पत्त्याच्या नावानिशी तीच ओळ दिसते. रेपो फाइलमधील (पॅकेजेसचा स्रोत नोंदवणाऱ्या फाइलमधील) पत्ता ‘व्हॉल्ट’ या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाकडे वळवल्यास जुनी पॅकेजेस मिळतात, मात्र नव्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून बॅकअप घेऊन अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स या सेंटओएससारख्याच प्रणालींवर जाणे उत्तम. फॉरमॅटचा सल्ला देणारा तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.