ट्राम बुडवण्याची पुणेरी कृती

परवा भर संध्याकाळी बाजीराव रस्त्यावर एक मोटार चारही इंडिकेटर लुकलुकवत उभी. मालक ‘दोनच मिनिटं’ म्हणून बाकरवडीच्या रांगेत, मागे पीएमपीच्या तीन बस अडकलेल्या. पुणं ट्रामसाठी अगदी तयार आहे, याची तिथेच खात्री पटली. तेव्हा आणाच ट्राम. फक्त पुढची पथ्यं पाळा.

आधी रूळ टाका, मग पाण्याची लाइन आणि ड्रेनेज हलवा. जगात उलट करतात, कारण रुळाखालचा पाइप फुटला की ट्राम थांबवून स्लॅब फोडावा लागतो. पण स्लॅब फोडण्यात आपला हात कोण धरणार?

रुळाभोवती रबराचं इन्सुलेशन नको, उगाच खर्च. ७५० व्होल्टचा डीसी करंट तारेतून येतो, रुळातून परत जातो. वाटेत थोडा शेजारच्या लोखंडी पाइपात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाइप कुरतडतो. म्हणजे फुटायचीही सोय झाली.

रूळ काटकोनात ओलांडायचा असतो, हे दुचाकीवाल्यांना सांगू नका. पहिल्या पावसात कळेल.

थांब्याजवळच्या जागांचे भाव चढले, तर त्यातला वाटा लाइनच्या खर्चासाठी मागू नका. बिल्डर नाराज होतात.

मुख्य पथ्य : ट्रामला स्वतःची लेन देऊ नका. लोखंडी चाक लोखंडावर डांबरावरच्या टायरपेक्षा कितीतरी सहज घरंगळतं, ब्रेक मारला की वीज तारेत परत जाते, टायरची धूळ नाही, गाडी ३० वर्षं टिकते. एका चालकामागे दोनशे माणसं. सगळं खरं, पण ट्राम चालती राहिली तर! तिला कडेने काढता येत नाही. जाऊन-येऊन ६० मिनिटं लागली, तर दर सहा मिनिटांना एक सोडायला १० ट्राम पुरतात. तेच कोंडीत ९० मिनिटं लागली, की १५. वरच्या पाच ट्राम, त्यांचे चालक, त्यांची देखभाल, हे सगळं कशासाठी? तुमच्या ‘दोनच मिनिटं’साठी! प्रवासी वाढला नाही, एक फेरी वाढली नाही, आणि वर तुम्हीच विचारणार, ‘ट्राम परवडते का हो?’

२००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन आणली, तिच्यात कोण घुसलं? तुम्हीच. विद्यापीठ चौकातला आख्खा उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तो चालला. रस्त्याची एक लेन सोडा म्हटलं की मात्र पोटात दुखतं. फुकटचं पार्किंग हा काय जन्मसिद्ध हक्क आहे? बाकरवडी चालत जाऊन आणा. आणि ती गाडी काढा आधी तिथून.