हौसिंगला शेंदूर

शनिवारी सकाळी मी परसात उकिडवा बसून डब्याच्या झाकणात शेंदूर तेलात कालवत होतो. आई तुळशीला पाणी घालायला आली आणि तांब्या तसाच धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत जे दाटून आलं ते मी दहावी पास झालो तेव्हाही आलं नव्हतं. पंचेचाळिशीत का होईना, पोराला मारुती दिसला! "बस, बस, उठू नको," म्हणत ती आत गेली आणि नारळ घेऊन आली. तोवर मी ब्रश बुडवून जीपच्या मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीत, तोंड घातलं होतं आणि क्राऊनच्या, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरच्या, दातांना शेंदूर फासत होतो.

त्या नारळाची चटणी झाली. चटणीबरोबर मला जे खावं लागलं ते वेगळं.

मूळ दोष टायरांचा, म्हणजे माझाच. जीपला सुमारे 28 इंच उंचीचे टायर होते. मला 32 इंची पाहिजेत असं वाटलं. का वाटलं ते विचारू नका; ज्याला वाटतं त्याला कारण लागत नाही, आणि ज्याला वाटत नाही त्याला पटत नाही. टायर बसले, जीप अशी रुबाबदार दिसायला लागली की आमच्या बेळगावच्या वडगावातले विणकर माग सोडून बघायला आले. पण चाक मोठं झालं की एका फेऱ्यात ते जास्त लांब पळतं, आणि तेवढं इंजिनाच्या छातीवर येतं. गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात हे कळलं. तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात ओरडायला लागली. बेळगावची भाजी गोव्यात उतरवून रिकामी कॅरेटं घेऊन चाललेला टेम्पो मागून आला, हॉर्न वाजवला आणि पुढं गेला. कॅरेटांवर बसलेल्या पोरानं मला टाटा केला. उपरोधानं नव्हे, खरोखर मनापासून केला. ते जास्त लागलं.

यावर इलाज एकच, क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं गिअर, म्हणजे पिनियन, ही जोडी बदलायची. जुन्या क्राऊनला 47 दात, पिनियनला 11. म्हणजे पिनियन 4.27 वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. आता 28 चा टायर 32 झाला, तर 4.27 ला 32 नं गुणा आणि 28 नं भागा. उत्तर येतं 4.88. आणि बाजारात 39 आणि 8 दातांची जी जोडी मिळते तिचं गुणोत्तरही 4.88! आयुष्यात माझं इतकं चोख गणित कधी आलं नव्हतं, आणि तिथंच घात झाला. गणित जुळलेला माणूस मग कुणाचं ऐकत नाही.

गल्लीतल्या मेस्त्री मामांनी सांगून बघितलं. "हे घरात करायचं काम न्हवं रे. नुसतं नट आवळणं असतंय काय हे?"

"मामा, मी व्हिडिओ बघितलाय की."

"मग त्या व्हिडिओलाच जीप दे."

व्हिडिओतला माणूस अमेरिकेत होता. त्याच्या गॅरेजची फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ होती. चाळीस मिनिटांत त्यानं दोन्ही हौसिंग पुरी केली आणि हात पुसला. पुसायला हाताला काही लागलेलंच नव्हतं.

कोल्हापूरहून खोकं आलं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनंच तयार होतात, आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचं क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला दिलं तर जन्मभर कुरकुर. नंबर जुळतो का ते बघताना बायको मागून म्हणाली, "छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले काय हो?" जुळले होते. आमचे अठराच होते, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

खोलण्याचं काम फार सांगण्यासारखं नाही. चाकं काढली, आतल्या शाफ्टा ओढल्या, मागचं झाकण उघडलं. वर्षानुवर्षांचं काळं तेल परातीत पडलं, थोडं परातीबाहेर. बेअरिंगच्या कॅपा डावी-उजवी अदलाबदल झाल्या तर सगळं मुसळ केरात, म्हणून त्यांच्यावर पंचनं ठिपके मारले. क्राऊन ज्याच्यावर बसतं तो मधला गोळा मात्र हौसिंगमध्ये इतका घट्ट बसलेला की शेवटी शेतातली पहार आणावी लागली. तो सुटला आणि सरळ माझ्या मांडीवर आला. नुसतं लोखंड असतं ते. लहान बाळासारखं धरून मी किती वेळ बसून होतो, कारण उठताच येईना.

खरा खेळ पुढं होता, आणि तो थाऊचा होता. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्याकडं सुतार सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे एका सुतात सव्वाशे थाऊ. माझं आजवरचं सगळं आयुष्य सुतातच गेलेलं. आता क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये सहा ते दहा थाऊ एवढाच प्ले, म्हणजे मोकळीक, ठेवायचा होता. कमी ठेवला तर तापून जळतात, जास्त ठेवला तर एकमेकांवर आपटून तुटतात. उद्यमबागेतल्या एका शॉपमध्ये कामाला असणाऱ्या मित्रानं थाऊ मोजायचा डायल गेज दिला. देताना तो असा द्यायला लागला की मला वाटलं हा आता मंगलाष्टकं म्हणणार.

पिनियन किती आत बसवायचं ते बेअरिंगखालच्या शिमेवर ठरतं. शिम म्हणजे कागदासारखी पातळ पोलादी चकती. जाड घातली की पिनियन क्राऊनकडं सरकतं, पातळ घातली की मागं येतं. बरोबर बसलंय की नाही हे दातांवरचा डाग सांगतो: दातांना रंग लावायचा, क्राऊन फिरवायचं, आणि जिथं दात दातावर घासला तिथला रंग पुसलेला बघायचा. डाग मधोमध पाहिजे. त्यासाठी ब्लू नावाचा निळा रंग मिळतो, पण माझा पहिल्याच दिवशी संपला. मामा म्हणाले, "आमच्या वेळंला कुठला आलाय ब्लू? शेंदूर घ्यायचा, तेलात कालवायचा आणि फासायचा." अशा रीतीनं मारुतीरायाचं खातं माझ्या हौसिंगमध्ये उघडलं. शेंदरात शिसं असतं, तेव्हा कुणी करणार असाल तर हात धुवून जेवा. मला जेवण दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळालं, म्हणून धोका टळला.

पहिला डाग दाताच्या टोकाला आला. शिम जाड केली. दुसरा डाग पार बुडाशी गेला. पातळ केली. आता दर वेळी शिम बदलायची म्हणजे दाबून बसवलेलं बेअरिंग पुलरनं ओढून काढायचं आणि परत ठोकायचं. तिसऱ्या वेळी बेअरिंग मोडलं. मग शहाणपण आलं: मोडक्या बेअरिंगची आतली रिंग ग्राइंडरनं घासून सैल केली, ती नुसती मापं घ्यायला वापरायची, आणि सगळं जमलं की नवं बेअरिंग एकदाच घालायचं. हा उपाय व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगितला होता. तेवढा भाग मी पुढं ढकलला होता.

क्राऊनचा प्ले जमवणं आणखी निराळं. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना शिमा असतात. डावीकडची काढली तर तेवढीच उजवीकडं घालावी लागते, नाहीतर गोळा सैल पडतो. जागा तेवढीच, फक्त कुणाकडं किती, एवढाच प्रश्न. 1956 पासून आमच्या सीमाभागात हेच चाललंय. महाजन आयोग बसला, उठला. 2004 पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. मी फक्त तीन दिवस बसलो होतो, आणि निकाल माझाही लागेना. शेवटी गोळा पोत्यात घालून उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडं नेला. त्यानं डोळा बारीक केला, दातावरनं बोट फिरवलं आणि कानडीत म्हणाला, "स्वल्प हेच्च आगेद."

"जास्त? किती?"

त्यानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. "इष्टे."

घरी येऊन मोजलं. इष्टे म्हणजे तीन थाऊ निघाले. डायल गेज मित्राला परत देऊन या माणसाचं बोटच भाड्यानं घ्यावं असं वाटलं.

पिनियनचा मोठा नट आवळायला पान्याला बोअरचा सहा फुटी पाइप लावला आणि त्यावर शेजारच्या काकांना उभं केलं. काका रोज सकाळी "झालं काय?" विचारायला येत, त्यांना काम मिळालं. नट आवळला की बेअरिंगला थोडा ताण बसतो. तो किती बसलाय ते पिनियन फिरवायला लागणाऱ्या जोरावर कळतं. त्याचा पाना माझ्याकडं कुठला! म्हणून पिनियनच्या टोकाच्या चकतीला, फ्लँजला, दोरी गुंडाळली आणि स्प्रिंगच्या काट्यानं ओढली. काटा पाच किलोच्या आसपास यायला पाहिजे होता, आणि बरोबर पाचावर आला. मी नाचायचाच बाकी होतो, तेवढ्यात काकांनी विचारलं, "काटा कुणाचा?"

काटा रद्दीवाल्याचा होता.

आजवर त्या काट्यानं आमच्या आठ किलो पेपरांना कधी सहाच्या पुढं जाऊ दिलेलं नाही. मग किराणा दुकानातून दोन किलो साखर आणली, काट्याला टांगली, तो किती खातो ते बघितलं, आणि त्या हिशेबानं नट अर्धा सूत मागं घेतला. सुतातच; थाऊचा कंटाळा आला होता.

नवं बेअरिंग घालताना मात्र मी नियमानं गेलो. लोखंड तापलं की फुगतं, थंड झालं की आक्रसतं. पिनियन रात्रभर फ्रीझरमध्ये, मटारांच्या पिशवीशेजारी. आणि बेअरिंग तेलात तापवायला कढईत. बायको सकाळी स्वयंपाकघरात आली तेव्हा मंद आचेवर बेअरिंग चाललं होतं. तिनं झारा घेतला, एकदा हलवून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "खुसखुशीत झालं की काढू काय?" ही कढई मी जन्मभर विसरणार नाही. ती तर नाहीच.

बेअरिंग मात्र टपकन बसलं, हातोडा न लावता. सबंध कामात एवढी एकच गोष्ट व्हिडिओसारखी झाली.

सगळं बंद करून 90 नंबरचं तेल भरलं. मागची चाकं अधांतरी ठेवून इंजिन चालू केलं. आता आवाज ऐकायचा. पण आमच्या दोन्ही बाजूंना पॉवरलूम, दिवसभर खटखट. मामांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हौसिंगला लावलं, मूठ कानाला, आणि बराच वेळ ऐकून म्हणाले, "साडी झकास निघालीय." मग आम्ही करंट जायची वाट बघत बसलो. लाइट गेल्यावर आनंद होणारी अख्ख्या गल्लीत आम्ही दोघंच माणसं. दुपारी सव्वातीनला गेला. माग थांबले, आणि हौसिंगमधून एक बारीक, लांब सूर आला.

"गातंय," मामा म्हणाले.

"जास्त गातंय काय?"

"नाही. सुरात आहे."

आमच्याच जिल्ह्यात, सुळेभावीत, 1924 साली कुमार गंधर्व जन्मले. तेव्हा हौसिंग थोडं गायलं तर आम्ही त्याला दोष मानत नाही.

पहिले पंचवीस किलोमीटर हळू चालवून मग गार होऊ द्यायचं असतं. येळ्ळूरच्या रस्त्यानं राजहंसगडापर्यंत गेलो, थांबलो, हौसिंगवर हात ठेवला. हात ठेवून राहता येत होतं. गडाच्या चढाला तिसऱ्यात गेली, आणि मी उगाचच मागं बघितलं. टेम्पो नव्हता, एक शेळी होती.

पण हे झालं मागचं. पुढचं हौसिंग अजून जुन्याच 4.27 वर आहे. आता फोर-व्हीलचा लिव्हर टाकला तर पुढची चाकं एका वेगानं आणि मागची दुसऱ्याच, मधे गिअर बिचारे चेंगरून मरणार. चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून मी तो लिव्हर बांधून टाकायला आईकडं सुतळी मागितली. तिनं देवघरातला लाल दोरा दिला. शुक्रवारी संध्याकाळी ती बाजारातनं आली, पिशवीतनं कोथिंबीर काढली, आल्याचा तुकडा काढला, आणि शेंदराची पुडी माझ्यासमोर ठेवली.

"पुढच्याला एवढा पुरंल काय रे?"