कुंभारजुव्याच्या मगरी आणि माझा प्रश्न

बोटीच्या सहलीचं बुकिंग करताना फोनवरचा मुलगा सगळं सांगत होता, लाइफ जॅकेट मिळेल, दुर्बीण मिळेल, जेवणात तळलेली सुरमई मिळेल, मगर दिसण्याचे चान्सेस एकदम चांगले आहेत. मी विचारलं, "आणि बाथरूम?" तर दोन सेकंद गप्प बसून म्हणाला, "मॅडम, नेचर ट्रिप आहे." या वाक्याचा अर्थ मला पणजीची जेटी मागे पडल्यावर कळला.

गोव्यात लोक समुद्रावर जातात, आम्ही कुंभारजुवे कालव्यात मगरी बघायला निघालो कारण आमच्या ह्यांना "वेगळं काहीतरी" करायचं होतं. हा कालवा साधारण 15 किमी लांब, मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना आतल्या आत जोडणारा, म्हणजे तिसवाडी तालुका खरं तर चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं बेटच आहे. चहूबाजूंनी पाणी हा शब्दप्रयोग त्या दिवशी मला फार लागला.

मगर बघायची तर ओहोटीलाच जायचं असतं. भरतीला काठाचा चिखल पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो आणि मग मगरी अंग शेकायला वर येऊन लोळतात. त्यामुळे पहाटे उठा, हॉटेलात घाईघाईत चहा घ्या, जेटीवर अजून एक चहा, आणि तिथे नणंदेच्या मिस्टरांनी सगळ्यांना शहाळी घेतली. यांना कुठल्याशा व्हिडिओमुळे डिहायड्रेशनची भयंकर भीती आहे. बोटीत बसल्यापासून दर दहा मिनिटांनी "वहिनी, पाणी प्या हं, घाम जातोय" म्हणत ते बाटली पुढे करत होते आणि नणंदेच्या मिस्टरांना नाही म्हणायचं नसतं, तेही सासूबाईंसमोर.

सासूबाईंनी मात्र शहाळं हातातसुद्धा घेतलं नाही. काल रात्रीपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं म्हणे. ही पिढी एसटीने नाशिक-कोल्हापूर करून तयार झालेली, प्रवास ठरला की आधी पाणी बंद, मग डबा भरायला घ्यायचा.

रायबंदरपर्यंत मी अगदी मजेत होते. काठाने तो पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला लांबच लांब पूल, पलीकडे चोडण बेटाची तिवरं, सलीम अली पक्षी अभयारण्य, तांबूस पाठीची ब्राह्मणी घार, सगळं छान वाटत होतं. दिवाडी बेट आलं तसे आमचे हे उभे राहिले. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं, ते पाडलं गेल्यावर देव पलीकडे नार्व्याला नेला आणि 1668 मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला तो शिवाजी महाराजांनी, हे ते हात उंचावून सांगत होते आणि महाराजांचं नाव आलं की चिरंजीवसुद्धा उभा राहत होता, बोट डावी-उजवीकडे डुलत होती, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्याला जायला लागणार आहे.

कालव्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंनी नुसती तिवरं. त्यांची मुळं चिखलातून वर आलेली, आणि पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत जाईल असा काळाकुट्ट चिखल. बोटवाले दादा फार माहितीचे होते. इथली मगर खरी गोड्या पाण्यातली पण या खाऱ्या पाण्यात मजेत राहते, जुन्या काळी बेटाच्या राखणीला मगरी मुद्दाम सोडल्या होत्या असं लोक सांगतात, आणि आसपासच्या काही गावांत मातीची मगर करून तिची पूजा करतात, असं बरंच. बाकीचे पाण्यात मगर शोधत होते. मी काठावर आडोसा शोधत होते.

तेवढ्यात खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीतल्या शेतीचा, एक बांध आला, खारं पाणी अडवायचं दार, ज्याला इथे मानस म्हणतात, ते होतं तिथे, आणि नणंदेचे मिस्टर म्हणाले जरा थांबवा हो. बोट टेकली, पुरुष मंडळी टणाटण उड्या मारून झुडपामागे गेली आणि दीड मिनिटात शीळ वाजवत परत आली. आम्ही बायका बोटीतच. समोरच्या काठावर जाळीवाले उभे, बांध एका हाताएवढा रुंद, कुठे जाणार? नवरा वर म्हणतो कसा, "तुला पण जायचं होतं का? बोलायचं ना!" हे वाक्य ज्याने कुणी नवऱ्यांना शिकवलं त्याला एकदा या कालव्यात सोडायला हवा.

बोट पुढे निघाली आणि मी त्या झुडपाकडे आशेने मागे वळून बघत राहिले, पान न् पान बघत होते म्हणा ना, तर झुडपाच्या पलीकडचा चिखलाचा ओंडका मला जबडा उघडून दिसला. "मगर!" मी ओरडले. चांगली दांडगी, नवरा जिथे पँट सावरत उभा होता तिथून फार तर चार बोटींच्या अंतरावर. नवऱ्याचा चेहरा बघून मला त्या दिवशी पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. तोंड उघडं म्हणजे चिडलेली नाही, अंगातली गरमी बाहेर टाकतेय, असं दादा समजावत होते. हवं तेव्हा, हवं तिथे, कुणाला न विचारता. मला तिचा हेवा वाटला.

आणि मग बोट रुतली. ओहोटी जरा जास्तच झाली होती. आता भरती लागेपर्यंत थांबायचं, दादा शांतपणे म्हणाले आणि इंजिन बंद केलं. इंजिनच्या आवाजात एक बरं असतं, दुसरं काही ऐकू येत नाही. आता बोटीच्या बुडाशी पाणी छप... छप... छप. नणंद म्हणाली किती छान आवाज ना गं. तिचे मिस्टर बाटली घेऊन आले. मी एक पाय बाहेर टाकायला गेले तर दादा ओरडले, "हांगा देंवूं नाका, बाय!" सासूबाई डोळे मिटून जप करत होत्या, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नव्हती. मी मनातल्या मनात पाढे म्हणत एकोणतीसपर्यंत गेले, जो मला शाळेत कधी आला नव्हता.

कितीतरी वेळाने पाणी चढलं, बोट हलली, आणि दादांना अखेर दया आली. बाणस्तारीच्या अलीकडे काठाला एक घर होतं, तिथे त्यांनी बोट लावली. दारात एक मावशी मासे साफ करत बसल्या होत्या. मला पळत येताना बघून त्यांनी काही विचारलंच नाही, सुरी तशीच उचलून परसाकडे दाखवली. "दर आयतवारी येतात," एवढंच पुटपुटल्या.

त्यानंतरचं वर्णन मी करत नाही. दार उघडून बाहेर आले तेव्हा जग नवं होतं, माडावर कावळासुद्धा गात होता. आणि दाराबाहेर, पदर खोचून, रात्रीपासून घोटभर पाणी न घेतलेल्या सासूबाई उभ्या होत्या.

"हो बाजूला," म्हणाल्या.