तोंडी सौदा, दोन साक्षीदार आणि बारा वर्षे

जमिनीचा सौदा तोंडी झाला तरी तो कायदेशीर असतो, दोन साक्षीदार आणि ताबा असला की न्यायालय जमीन आपल्या नावावर करून देते, आणि बारा वर्षे काळजीचे कारण नसते, असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. यातले पहिले विधान खरे आहे आणि त्याच्या भरवशावर बाकीची खपून जातात, म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

विक्रीचा करार लेखीच हवा असे कायदा म्हणत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ब्रिज मोहन विरुद्ध सुग्रा बेगम (१९९०) या निकालात स्पष्ट केले आहे. परंतु करार म्हणजे विक्री नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे अशा कराराने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि शंभर रुपयांच्या वरची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे विक्री करून मागण्याचा, दावा जिंकला तरी पदरात पडतो तो खरेदीखत करून घेण्याचा हुकूम.

‘दोन साक्षीदार पुरेत’ हे विधान सर्वांत घातक आहे. केवळ तोंडी करारावर दावा आणणाऱ्यावर पुराव्याचा भार जड असतो, असे त्याच निकालात म्हटले आहे. साक्षीदार किती आहेत याला महत्त्व नसून सर्व मुख्य अटींवर दोन्ही बाजूंचे एकमत झाले होते का, हे न्यायालय पाहते. उलटतपासात विचारले जाते की भाव एकरी ठरला की उक्ता (सगळ्या जमिनीचा मिळून एकच), विहिरीतला हिस्सा धरला होता का, मोजणीचा खर्च कोणाकडे होता. एक साक्षीदार ‘एकरी’ आणि दुसरा ‘उक्ता’ म्हणाला, की सौदा पक्का झाल्याचीच शंका येते. ‘साठेखत (विक्रीचा लेखी करार) झाल्यावरच पक्के’ असे बोलणे झाले असेल, तर त्याआधीची बैठक ही निव्वळ बोलणीच ठरते. म्हणून बँकेतून दिलेला इसार (आगाऊ रक्कम), त्याची पावती आणि भाव लिहिलेला फोनवरील संदेश यांचे मोल मोठे आहे. मात्र असा संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. शिवाय उरलेली रक्कम देण्यास आपण सतत तयार होतो, हेही खरेदीदारालाच सिद्ध करावे लागते.

ताब्याबद्दलचा समज असाच फसवा आहे. विक्रेत्याविरुद्ध ताबा राखण्याचे, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्याच कलम ५३-अ चे संरक्षण लेखी करारालाच मिळते, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर तो करार नोंदणीकृतही असावा लागतो.

बारा वर्षांची मुदत प्रतिकूल ताब्याच्या, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ठेवलेल्या ताब्याच्या, कायद्यातून उचललेली आहे. मालकाच्या संमतीने, खरेदीदार म्हणून शेतात शिरलेल्याचा ताबा मुळात प्रतिकूल नसतो. करारपूर्तीच्या दाव्याला मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ प्रमाणे तीनच वर्षे मिळतात. खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, आणि ठरली नसेल तर विक्रेत्याचा नकार कळल्यापासून ती मोजतात. दरम्यान, आधीच्या सौद्याची माहिती नसलेल्या कोणी प्रामाणिकपणे पैसे मोजून ती जमीन खरेदी केली, तर त्याच्याविरुद्ध करारपूर्ती मागता येत नाही. ‘आता जमीन द्यायची नाही’ हा विक्रेत्याचा संदेश ज्यांच्या फोनमध्ये पडून आहे, त्यांनी त्यावरची तारीख आजच पाहावी आणि ती घेऊन वकिलाकडे जावे.