आजारी पडा, पण ऑफर बघून

चिठ्ठी घेऊन सरळ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाणारा माणूस आजकाल अडाणीच समजायचा. आधी मोबाईल काढा, दोन-तीन ॲप उघडा, कुपन शोधा, ताप थांबतो तोवर, त्याला कुठं भुसावळहून गाडी पकडायचीय.

समजा बापूंच्या बीपीच्या गोळ्या 340 च्या होतात. कुपन म्हणतं 20 टक्के सूट, पण ऑर्डर 999 ची पाहिजे अन् सूट जास्तीत जास्त 150. हिशोबी माणूस इथं डगमगत नाही, तो 659 चं अजून काहीतरी टाकतो. मे महिन्यात जळगावात पारा 45 ला टेकलेला असताना च्यवनप्राशचा डबा टाका, माउथवॉश टाका, नातू शाळेत जायला लागला तरी डायपर टाका, ऑफर आहे ना भो! 340 च्या जागी 849 गेले, वर हँडलिंग चार्ज वेगळा, पण स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'तुम्ही 150 रुपये वाचवले' असं येतं ते घरच्या ग्रुपवर टाकायचं. आजी विचारेल, दवाई लेवाले गया व्हता का बजार कराले? तिकडं लक्ष द्यायचं नाही.

सूट कुठून येते हे तर अजिबातच विचारू नका. अत्यावश्यक यादीतल्या औषधांचा कमाल भाव सरकार बांधून देतं, बाकीच्यांची एमआरपी कंपनीच ठरवते अन् वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू पण शकते. मग त्या छापील आकड्यातूनच 15-20 टक्के तुम्हाला परत मिळाले की आपण किती खूश. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 वर आला, काही तर शून्यावर गेली, पण त्याचं स्टेटस कोणी ठेवल्याचं मी तरी पाहिलं नाही, कुपन कोड नव्हता ना त्यात.

जनऔषधी केंद्राच्या बाजूला तर फिरकूच नका. 2008 पासून चाललेली योजना, तेच घटक असलेली गोळी ब्रँडेडपेक्षा 50 ते 80 टक्के स्वस्त असं सरकार सांगतं, पण तिथं ना पॉइंट, ना कॅशबॅक, ना स्क्रॅच कार्ड. नुसतं स्वस्त मिळण्यात काय मजा? (कधीकधी हवी ती गोळी तिथं शिल्लक नसते हे मात्र खरं, अन् तेवढं कारण आपल्याला पुरतं.)

ग्लुकोमीटर फुकट मिळत असेल तर लगेच घ्या. त्याच्या पट्ट्या पुढं जन्मभर विकतच घ्यायच्यात, डबी उघडली की त्यांची मुदत पण चालू होते, पण मशीन फुकट आलं हे कोणी नाकारू शकत नाही. तसंच ते फुल बॉडी चेकअपचं पॅकेज. उन्हात करपणाऱ्या आपल्या खान्देशातल्या माणसाचं व्हिटॅमिन डी त्यात हमखास कमी निघतं अन् रिपोर्टसोबतच गोळ्यांचं कुपन येतं, किती काळजी बघा.

उन्हाळ्यात ओआरएस लागतंच. एक लिटर पाण्यात विरघळवायची ती साधी पुडी घेऊ नका, तिच्यावर ऑफर नसते. रंगीत डब्यातलं गोडमिट्ट पाणी घ्या, दोनावर एक फ्री. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली खरी, पण फ्री शब्दावर कुठं बंदी आहे?

कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न मागता दहा टक्के कमी करतो, दोनच गोळ्या पाहिजे तर पट्टी कापून देतो, महिनाअखेरीला उधार लिहून ठेवतो, वर सांगतो की काका डॉक्टरनी गोळी बदललीय, जुनी बंद करा. पण ह्यातलं काही ॲपमध्ये दिसतं का? नाही ना, मग पैसे वाचले असं धरायचंच नाही.

साखळी दुकानात काउंटरवर मोबाईल नंबर मागतात तेव्हा तो मोठ्याने सांगा, मागच्या लायनीतल्या ओळखीच्यांना पण कळू द्या. पुढच्या महिन्यात बरोबर मेसेज येईल की तुमचं मूळव्याधीचं मलम संपत आलं असेल, अन् तो नेमका बायको मोबाईल बघत असताना येईल.

आता पॉइंट. 31 तारखेला संपतायत अन् घरात सगळे ठणठणीत, असा बाका प्रसंग आला तर शेजारच्या तात्यांना गाठा, त्यांच्या शुगरच्या गोळ्या तुमच्या नंबरवर घ्यायला लावा, पैसे त्यांचे अन् पॉइंट तुमचे. मग समोरच्या वहिनींच्या बाळंतपणाच्या गोळ्या, मागच्या गल्लीतल्या अण्णांचं दम्याचं पंप, शेवभाजी खाऊन जळजळणाऱ्या मित्रमंडळींचं ॲसिडिटीचं सिरप, सगळं तुमच्याच खात्यात. सहा महिन्यांत तुम्ही गोल्ड मेंबर. फक्त हेल्थ इन्शुरन्सवाल्याचा फोन आला अन् त्याने शुगर, दमा, मूळव्याध अन् सातवा महिना एकाच दमात वाचून दाखवला, तर आवाज जरा बारीक ठेवून बोला.